लांब कुंपणातला झोळ

४ मार्च, सोमवार

आजपासून बागेचे काम हाती घेतले. बागेला शंभर वर्षे होत आहेत, त्यानिमित्त ग्रंथ निघतो आहे, आणि त्यासाठी चोवीस छायाचित्रे हवी आहेत. व्यवस्थापिकाबाईंच्या पत्रात "छानसे फोटो" असा शब्दप्रयोग होता. माणसाने छत्तीस वर्षे या विद्येत घालवावीत, रेषा आणि छाया या विषयावर प्रबंध लिहावा, आणि अखेर त्याच्याकडे "छानसे फोटो" मागितले जावेत. पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि ते फाइलला लावले.

बाग मात्र खरोखरच पाहण्याजोगी आहे. कोणा भूमितीवेड्या माणसाने ती आखली असावी. मधोमध खडीची वाट, दुतर्फा आठ-आठ चौकोनी वाफे, मध्यभागी गोल कारंजे, आणि दक्षिणेच्या कडेने एकशे दहा पावलांचे, छातीइतके उंच, भिंतीसारखे कातरलेले कुंपण. सगळे त्याला 'लांब कुंपण' म्हणतात. वाफ्यांतली कंदफुले परवा उमलली. ती वीस-बावीस तारखेपर्यंत टिकतील. म्हणजे मला जेमतेम अडीच आठवडे आहेत.

लोक आखीव बागांची चित्रे सकाळच्या कोवळ्या उन्हात घेतात. ही हळवी चूक आहे. आखीव बाग ही भूमिती आहे, आणि भूमितीला लख्ख ऊन लागते. बाराच्या सुमारास लांब कुंपणाचा माथा उजळतो, बागेकडची बाजू काळी पडते, आणि या दोहोंच्या मधली रेषा सुरीच्या धारेसारखी दिसते. ग्रंथाचे मुखपृष्ठ तेच.

मुख्य माळी एकतीस वर्षे येथे आहे आणि या महिन्याअखेर निवृत्त होतो. बागेतले सगळे त्याला 'बुवा' म्हणतात. अबोल माणूस. मी मुखपृष्ठाचा विचार सांगितला तेव्हा तो इतकेच म्हणाला की बरे झाले, आपण जाण्यापूर्वी कुंपणाचा एखादा फोटो निघेल. आजवर लोकांनी फुलांचेच काढले. 'फोटो निघेल' या प्रयोगाकडे मी दुर्लक्ष केले.

६ मार्च, बुधवार

लांब कुंपण सरळ नाही.

आज बाराला कारंज्यापाशी तिपाई लावली, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, आणि कुंपणाच्या माथ्यावर, नेमका मध्यभागी, झोळ दिसला. चांगला चार बोटांचा. दोन्ही बाजूंनी रेषा येते ती येते, आणि मध्ये ओल्या दोरीसारखी खाली बसते. डोके वर काढून उघड्या डोळ्यांनी पाहिले तर दोष जवळजवळ नाहीसा होतो. यात नवल नाही. उघडे डोळे दयाळू असतात. भिंग निर्दय असते. एका डोळ्याने पाहणे ही आमच्या विद्येची पहिली शिस्त, आणि माझा उजवा डोळा तिच्यात छत्तीस वर्षे मुरलेला आहे.

सहा चित्रे घेतली, पण ठेवण्याजोगे एकही निघणार नाही हे घेतानाच ठाऊक होते.

घरी हिला सांगितले. आमच्या डार्करूमची सगळी कामे लग्नापासून हीच पाहते, आणि छपाईत तिच्याइतका स्वच्छ हात मी अन्यत्र पाहिलेला नाही; हे तिला सांगण्याचा प्रसंग मात्र आलेला नाही. ती म्हणाली, आधी निगेटिव्ह तर धुऊ द्या.

७ मार्च, गुरुवार

माळ्याला दोष दाखवला. तो कुंपणाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे, मग खुंट्या आणि दोरी घेऊन आला. कुंपणाच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून माथ्यालगत दोरी ताणली, पाणसळ लावून पाहिली, आणि मला म्हणाला, बघा, दोरीला कुंपण सगळीकडे सारखं लागतंय.

मी व्ह्यूफाइंडरमधून पाहिले. दोरीलाही झोळ होता. तसे सांगितले. त्याने दोरी ताणली. अजून ढिली आहे म्हणालो. त्याने इतकी ताणली की बोट लावले तर तारेसारखी वाजली. तरी झोळ होताच. एकशे दहा पावलांची दोरी स्वतःच्या वजनाने बसणारच. मापनाचे साधनच सदोष, तर मापनाला काय अर्थ? हे त्याला साध्या शब्दांत समजावले. दोरी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "सर, या दोरीनंच एकतीस वर्षं कापतोय."

मी म्हणालो, हाच तर प्रश्न आहे.

९ मार्च, शनिवार

हिने सहाही चित्रे छापली. टेबलावर मांडून मी भिंगाने एकेक तपासले. सहाहींत तोच झोळ, तेथेच. हातच्या कांकणाला आरसा कशाला. हिला बोलावून दाखवले. ती वाकून पाहत राहिली आणि म्हणाली, कुठे? मी पेन्सिलीच्या टोकाने जागा दाखवली. तिने पुन्हा पाहिले आणि विचारले की तुम्हाला इथे नक्की काय दिसतंय.

इतक्या वर्षांनी हा प्रश्न. छपाई करणे आणि पाहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे मी म्हणालो. ती हात पुसून स्वयंपाकघरात गेली.

सहा निगेटिव्ह रिवाजाप्रमाणे कात्रीने कापून टाकली. सदोष काम जगात ठेवायचे नाही, हा माझा नियम पहिल्या दिवसापासून आहे. छपाया फाडल्या.

एक शक्यता उरते, ती लेन्सची. सोमवारी दुरुस्तीला देतो.

१२ मार्च, मंगळवार

लेन्स परत आणली. दुरुस्तीवाला हुशार आहे पण वाचाळ. त्याने चौकोनांचा तक्ता भिंतीवर लावून माझ्यादेखत चाचणी घेतली आणि म्हणाला की लेन्स नवी नवरी आहे, केसभर वाकडं नाही. मग मान खाली घालून स्क्रू आवळता आवळता पुटपुटला, नाचता येईना अंगण वाकडं. मला ऐकू यावे इतपतच मोठ्याने. शिवाय, डोळे कधी तपासले होते असेही विचारले. मी त्याला सांगितले की माझ्या डोळ्यांचा परिचय करून घ्यायचा असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझा प्रबंध आहे.

म्हणजे दोष कुंपणातच. आज बागेतली इतर कुंपणेही तपासली. पूर्वेचे ठेंगणे कुंपण, कारंज्याभोवतीचे गोल, फाटकालगतची दोन. ज्या कुंपणाकडे रोखून पाहावे त्याच्या मध्यावर तोच चार बोटांचा झोळ. इतकी सुसंगत चूक योगायोगाने होत नाही. ती एकाच हाताची असते. या माणसाच्या हातातच दोष आहे आणि एकतीस वर्षांत तो कोणाच्या लक्षात आला नाही, याचे मला खरे तर वाईट वाटले.

ऊन कडक आहे. संध्याकाळी घरी आल्यावर उजेडाचा एक करडा ठिपका बराच वेळ डोळ्यांपुढे राहतो.

१३ मार्च, बुधवार

चहाच्या वेळी वर्तमानपत्राच्या छपाईवरून हिच्याशी वाद. ओळीच्या मधली अक्षरे पुसट छापतात, शाई वाचवत असावेत. ती म्हणाली, माझ्या बाजूने तर नीट दिसतंय. मग तिने विचारले की हल्ली तुम्ही वाचताना मान उजवीकडे का वळवता. मी वळवत नाही. ती म्हणाली, वळवता, गेला महिनाभर वळवताय, दाढी करतानासुद्धा.

तिने डोळ्यांच्या दवाखान्यात उद्याची वेळ घेतली होती. मला न विचारता. मी ती रद्द करवली. फुले आणखी आठ दिवस आहेत, ऊन रोज मिळते आहे. काम झाल्यावर जाऊ. तिने कप उचलून ठेवले. मग म्हणाली, "अहो, जगातलं सगळं एकाच महिन्यात वाकडं झालं का?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली. प्रश्न अलंकारिक होता.

१५ मार्च, शुक्रवार

व्यवस्थापिकाबाईंकडे बैठक झाली. माळी, त्याच्या हाताखालचे पाच जण आणि भांडार सांभाळणाऱ्या बाई, सगळे होते.

मी विषय शास्त्रशुद्ध मांडला. दोरीने कुंपण सरळ असेलही. ते मी मान्य करतो. पण दोरीने सरळ असणे आणि डोळ्याला सरळ दिसणे यांत फरक आहे. प्राचीन स्थपती हे जाणत. दगडी खांब खरोखर सरळ घडवला तर दुरून मध्ये बारीक दिसतो, म्हणून ते त्याला मध्ये किंचित फुगवटा देत, आणि मगच तो सरळ भासे. लांब कुंपणालाही हाच संस्कार हवा. मध्य आहे तसा ठेवायचा आणि दोन्ही अंगांनी टोकाकडे उतरत चार बोटांपर्यंत कातरायचे. माझ्याकडे मोजून काढलेला आराखडा होता. गेल्या चार दिवसांत, व्ह्यूफाइंडरमधून पाहून, चौकोनी कागदावर प्रत्येक पावलाचा झोळ मी नोंदवला होता.

व्यवस्थापिकाबाईंना विषय समजला नाही, परंतु आराखड्याने त्या प्रभावित झाल्या. त्यांनी माळ्याला विचारले. तो म्हणाला की या कुंपणाचा हिरवा थर वरच्या दोन बोटांचाच असतो. त्याखाली जुनं लाकूड. तिथं कापलं तर फुटेलच असं नाही, आणि फुटलं तरी भरून यायला आठ-नऊ वर्षं.

मग तो मला म्हणाला, "सर, मला ते सरळ दिसतंय."

यावर मी जे म्हणालो ते शब्दशः येथे नोंदवतो, कारण ते नेमके होते. मी म्हणालो, "एकतीस वर्षं तुम्ही तेच पाहताय. सवयीच्या डोळ्याला दोष दिसत नाही. तुमच्या नजरेवर आता विसंबता येणार नाही, हे तुम्ही मोठ्या मनानं मान्य करायला हवं."

भांडारातल्या बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. माळ्याने आराखडा हातात घेतला, उलटसुलट केला, आणि म्हणाला, तुम्ही शिकलेले आहात. व्यवस्थापिकाबाईंनी लेखी आदेश काढला.

१६ मार्च, शनिवार

सकाळी सातपासून कातरणी. हे मान्य केले पाहिजे की या माणसाचा हात सुरेख आहे. विजेचे यंत्र वापरायला त्याने नकार दिला; लांब पात्यांची कातर, आणि प्रत्येक पावलाला आराखड्यात डोकावून घेत केलेला एकेक काप. हाताखालच्यांना त्याने लांब ठेवले. माथ्यावर तपकिरी काटक्या उघड्या पडत गेल्या, तशी खाली हिरव्या पानांची पट्टी साचत गेली. मी म्हणालो, चित्र कृष्णधवल आहे, तपकिरी दिसणार नाही. त्याने मान हलवली.

पश्चिमेच्या टोकाजवळ तो एकदा थांबला. कातर तशीच उघडी धरून उभा राहिला. मला वाटले घाम पुसतो आहे. मग मला विचारले की सर, तुम्हाला खरंच दिसतोय ना झोळ. मी म्हणालो, स्वच्छ दिसतो. "मग माझंच काहीतरी असणार," असे म्हणून तो पुन्हा कापू लागला.

अखेर समजूत पटली, याचे समाधान वाटले. साडेचारला काम पूर्ण झाले.

१८ मार्च, सोमवार

मिळाले.

बाराला सात मिनिटे असताना. आभाळ निरभ्र, कारंजे बंद करवलेले, वारा नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये लांब कुंपणाचा माथा या टोकापासून त्या टोकापर्यंत, शाळेतल्या पट्टीने ओढावा तसा सरळ. उजळ माथा, काळी भिंत, मध्ये धार. चार चित्रे घेतली. छत्तीस वर्षांत इतकी शुद्ध रेषा मला कोणी दिली नव्हती. या वेळी ती मी स्वतः घडवून घेतली होती.

मागच्या आठवड्यात घेतलेली पाच निगेटिव्हही घरी आल्यावर कापली. झोळाच्या काळातले एकही चित्र आता शिल्लक नाही.

एक किरकोळ गोष्ट. पाचवे चित्र घेताना मध्यभागी करडा डाग दिसला. लेन्स पुसली, व्ह्यूफाइंडर पुसला. डाग हलेना. उन्हाचा परिणाम. तेथेच थांबलो.

२१ मार्च, गुरुवार

हे लिहायला दोन दिवस लागले आहेत.

परवा हिने त्या चार चित्रांतले एक मोठे करून छापले. आणून टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून समोर बसली. एरवी ती बसत नाही. मी भिंग लावून पाहिले. मध्यावरच्या करड्या डागाचा त्रास होत होता, तरी रेषा सरळ होती. मी म्हणालो, उत्तम.

ती म्हणाली, "मध्ये उंचवटा आहे."

मी म्हणालो, नाही. तिने स्टीलची पट्टी आणली आणि छपाईवर कुंपणाच्या माथ्याला लावली. मी भिंगातून पाहिले. पट्टीला झोळ होता. स्टीलच्या पट्टीला, चार बोटांचा नव्हे पण तसाच, तेथेच. पट्टी वाकली आहे, असे शब्द माझ्या तोंडून निघालेही.

तिने माझ्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. तिच्या हाताला डार्करूमच्या औषधांचा वास होता. म्हणाली, आता बघा.

पट्टी सरळ होती. कुंपण नव्हते. दोन्ही टोकांनी उतरत गेलेले, मध्ये फुगलेले, जखमी जनावराच्या पाठीसारखे. कोणाही शाळकरी मुलाच्या लक्षात आले असते.

तिने हात काढला. सरळ झाले. पुन्हा ठेवला. उंचवटा. तिने हे तीन वेळा केले. चौथ्यांदा मीच तिचा हात धरून ठेवला.

"पहिली सहा?" मी विचारले.

"पहिली सहा सरळ होती," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं."

सांगितले नव्हते. विचारले होते, कुठे. पण मी तिला सांगण्याइतकी जागा ठेवली नव्हती, हेही खरे.

२२ मार्च, शुक्रवार

दवाखाना. डोळ्यांच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चौकोनांचा कागद दिला, डावा डोळा झाकायला सांगितला आणि म्हणाल्या, मधल्या ठिपक्याकडे पाहत राहा आणि रेषा जशा दिसतात तशा काढून दाखवा. मी काढल्या. रेषा काढण्यात माझा हात पक्का आहे. कागद पुरा झाल्यावर डावा डोळा उघडून पाहिले आणि पेन खाली ठेवले. तो माझा आराखडा होता. पंधरा तारखेला बैठकीत मांडलेला, पावलापावलाला मोजलेला. मी कुंपणाचे माप घेतलेच नव्हते. स्वतःच्या डोळ्यातल्या बिघाडाचे माप घेतले होते, आणि ते एका उत्तम कारागिराकडून जिवंत झाडांवर कोरून घेतले होते.

डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत, त्या पाझरतात, पडदा वर उचलला जातो, म्हणून सरळ रेषा वाकड्या दिसतात. डोळ्यात सुई देतात, दर महिन्याला. वाढ थांबेल. गेलेले बहुधा परत येणार नाही. डॉक्टरांनी विचारले की पहिल्यांदा वाकडं कधी दिसलं. मी म्हणालो, सहा तारखेला. त्या म्हणाल्या, तेव्हाच यायला हवं होतं, या आजारात पंधरा दिवस खूप असतात. ही खिडकीपाशी उभी होती. तेरा तारखेचे नाव तिने काढले नाही. काढले असते तर बरे झाले असते.

सुई दिली. दुखले नाही. सुई येताना दिसते, एवढेच.

२५ मार्च, सोमवार

करता येण्यासारखे काय आहे याची यादी करायला बसलो आणि कागद कोरा राहिला.

कुंपण परत सरळ करता येत नाही. मधला उंचवटा उतरवावा तर तेथेही जुन्या लाकडापर्यंत जावे लागेल, आणि मग संपूर्ण माथा उघडा पडेल. सरळ कुंपणाचे एखादे चित्र तरी त्या माणसाला द्यावे, तर अकराही निगेटिव्ह मी स्वतःच्या हाताने कापली. कचऱ्याची टोपली केव्हाच रिकामी झाली होती; तरी उपडी करून पाहिली. डार्करूममध्ये हिने मला जमिनीवर हात फिरवताना पाहिले आणि दिवा लावला. म्हणाली, मी एकही ठेवलेलं नाही, तुमचा नियम मी कधी मोडला नाही.

दुपारी व्यवस्थापिकाबाईंना दूरध्वनी करून सर्व सांगितले. त्या घाबरल्यासारख्या झाल्या आणि माझ्या प्रकृतीचीच चौकशी करू लागल्या. कुंपणाचे विचारल्यावर म्हणाल्या, त्याचं काय आता, पुढच्या माळ्याला सांगू. मी विचारले, पुढच्या का? बुवांचा आठवडा उरला आहे ना?

तेव्हा कळले. सतरा तारखेला, कातरणीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, बुवा व्यवस्थापिकाबाईंच्या घरी गेले. कातर भांडारात जमा केल्याचे सांगितले. म्हणाले, माझी नजर गेलीय, मला आता कापायला सांगू नका. मग चष्मेवाल्याकडे गेले. चष्मेवाल्याने तपासून सांगितले की या वयाला इतके चांगले डोळे त्याने पाहिलेले नाहीत. बुवांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. एवढा शिकलेला माणूस सगळ्यांसमोर सांगतो, तो कशाला खोटं बोलेल, असे ते म्हणाले. गेला आठवडाभर रोपवाटिकेत बसून कुंड्या भरत आहेत.

मी दूरध्वनी ठेवला. ज्याला तपासणीची गरज होती तो गेला नाही. ज्याला नव्हती तो गेला, आणि निदान बरोबर असून त्याने मानले नाही. कारण त्याला माझे निदान आधी मिळाले होते.

२७ मार्च, बुधवार

रोपवाटिकेच्या दारापर्यंत जाऊन आलो. बुवा पाठमोरे बसले होते. कुंडीत माती घालून अंगठ्याने दाबत होते. समोर रांगेत ठेवलेल्या कुंड्या पाहिल्या. डाव्या डोळ्याने पाहिल्या. रांग वेडीवाकडी होती. रांग लावायचीही त्यांनी सोडून दिली होती.

काय म्हणायचे ते ठरवून गेलो होतो. पहिले वाक्य चांगले होते. दुसऱ्यात 'परंतु' होता. परत आलो.

हिला सांगितले. ती म्हणाली, सगळ्यांसमोर बोललात ना, मग सगळ्यांसमोरच सांगा. शनिवारी त्यांचा निरोपसमारंभ आहे.

३० मार्च, शनिवार

लख्ख ऊन. फुले केव्हाच गेली, वाफे खणून ठेवलेले. निरोपाचा कार्यक्रम लांब कुंपणासमोरच्या हिरवळीवर होता. खुर्च्या, चहा, भिंतीवरचे घड्याळ भेट. ही माझ्याबरोबर आली. पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला आणि मी धरू दिला.

व्यवस्थापिकाबाईंनी चार शब्द बोलायची विनंती केली. मी उभा राहिलो. भाषण लिहून नेले होते. दृष्टिपटलाच्या केंद्रस्थानी उद्भवलेल्या विकृतीमुळे माझ्या निरीक्षणात निर्माण झालेली विसंगती, आणि तिच्या आधारे मी काढलेले अनुमान, असे सुरू केले. दोन परिच्छेद वाचले. माणसे कपातल्या चहाकडे पाहू लागली. कोणाला काही कळत नव्हते, आणि मला थांबता येत नव्हते, कारण प्रत्येक वाक्य बिनचूक होते.

मग बुवा पहिल्या रांगेतून उठले. हात किंचित वर करून, वर्गात विचारावे तसे म्हणाले, "सर, सरळ होतं का?"

मी कागद खाली घेतला. "सरळ होतं," मी म्हणालो. "तुमची नजर चांगली आहे. माझी गेली आहे. तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं, आणि मी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं."

बुवा तसेच उभे राहिले. मला वाटले, रागावतील. रागावले असते तर मला कुठेतरी उभे राहायला जागा मिळाली असती. त्यांनी वळून कुंपणाकडे पाहिले, त्या तपकिरी उतारांकडे, बराच वेळ. आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मग मी का कापलं?"

भांडारातल्या बाईंनी त्यांना हात धरून खाली बसवले. चहा पुन्हा फिरला.

शेवटी सगळ्यांचा एक फोटो घ्यावा असे ठरले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कॅमेरा सवयीने आणलेला होता. कुंपणासमोर बारा माणसे रांगेत उभी राहिली, मध्ये बुवा. मी उजवा डोळा लावला. बुवांच्या जागी करडा डाग. डावा लावला, नाक आड येते, उजवा मिटून राहत नाही, पापणी थरथरते, पाणी येते. रांग हलत होती की मी, हे समजेना. सगळे थांबून राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यांवर ऊन होते. कोणीतरी हळूच म्हणाले, राहू दे.

मी म्हणालो, "बुवा, जरा इकडे येऊन बघता का?"

ते आले. वाकले, पाहू लागले. इतका वेळ पाहत राहिले की मागे कोणीतरी खोकले. मग तिपाईचा पाय एका बोटाने किंचित सरकवला आणि पुन्हा पाहिले.

"रांग सरळ आहे," ते म्हणाले. "मागं कुंपणाचा उंचवटा येतोय."

मी विचारले, बाजूला घेऊ का, टाळता येईल.

"नको. आहे तसं येऊ द्या."

ते परत जाऊन आपल्या जागी उभे राहिले. मी बटण दाबले.